नावानिशी मत



मुंबई इलाख्यात १९२१ साली स्त्रियांना मत मिळाले, ते मालमत्तेच्या अटीवर. १९३५ च्या कायद्याने ही अट सैल केली; पात्र मतदाराच्या पत्नीलाही मत दिले. म्हणजे तिचे मत नवऱ्याच्या सातबाऱ्यावर उभे! ज्या घरात सातबाराच नाही, त्या मोहफुले वेचणाऱ्या गोंड बाईने काय करावे? १९५० साली राज्यघटनेने ही अट कायमची पुसून टाकली.

पण मग नावाचा प्रश्न आला. पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना लाखो स्त्रियांनी आपली ओळख ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशीच दिली. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मानल्या नाहीत. सुमारे २८ लाख नावे गळली. त्यांतली बहुतेक उत्तरेकडची. हा निर्णय कठोर खरा; पण नागरिक स्वतःच्या नावानेच उभा राहावा, हे तत्त्व त्याने रुजवले.

आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पाहू. मुलगी लग्न होऊन एटापल्लीहून भामरागडला जाते. गाव बदलते, आडनाव बदलते, यादीतले नाव मात्र माहेरीच राहते. १९ एप्रिल २०२४ रोजी गडचिरोलीच्या दुर्गम भागात मतदानाची वेळ सकाळी सात ते दुपारी तीन अशी होती. सुरक्षेसाठी ते आवश्यक असेल. पण एप्रिलची सकाळ ही मोहफुलांचीही वेळ. कित्येकजणी त्या हंगामात मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या असतात. त्यांना मत देण्यास कोणी मनाई करीत नाही. पण पोट आणि पेटी एकाच वेळी बोलावू लागली, तर बाई कुणीकडे जाईल, हे सांगायला हवे काय?

दुसरी पेटी ग्रामसभेची. २००६ च्या वनहक्क कायद्याने पती-पत्नीच्या संयुक्त नावाने पट्टा देण्याचे ठरवले आणि त्याखालील नियमांनी वनहक्कांच्या ग्रामसभेच्या गणपूर्तीत एकतृतीयांश स्त्रिया आवश्यक केल्या. मेंढा-लेखा गावात निर्णय सर्वसहमतीने होतात; २००९ साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. पण सर्वसहमतीत एक धोका आम्हांला दिसतो: मागे गप्प बसलेल्या बाईचे मौनही होकारात धरले जाते. म्हणून तिथे तिने नुसते येऊन भागत नाही, बोलावे लागते.

२०२३ च्या घटनादुरुस्तीने लोकसभेत व विधानसभांत एकतृतीयांश जागा स्त्रियांना देऊ केल्या. त्यांची अंमलबजावणी मात्र जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना यांवर सोपवली. तोवर आपण शहरवासीयांनी एवढे करावे: घरी कामाला येणाऱ्या बाईला विचारावे, ‘बाई, यादीत तुमचे नाव कोणत्या गावी आहे?’ आणि ते चुकीच्या गावी असेल, तर दुरुस्तीचा अर्ज तिच्यासोबत बसून भरावा.