अंड्यातल्या शिरा आणि डब्यातली हळद

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की पाच-सहा दिवसांनी आपण रात्री एकेक अंडं बॅटरीच्या उजेडात धरून बघतो. लाल शिरांचं जाळं दिसलं तर आत पिल्लू धरलंय, नुसतंच पिवळं दिसलं तर अंडं वाया.

प्रयोगशाळेतही असंच बघतात. अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून आतल्या पडद्यावर औषधाचा थेंब ठेवतात आणि शिरा वाढतात की थांबतात ते पाहतात. कारण १९७१ साली ज्युडा फोकमन या अमेरिकन सर्जननं मांडलं, की कर्करोगाच्या गाठीला एक-दोन मिलिमीटरपेक्षा, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षा मोठं व्हायचं तर रक्त लागतं. ती शेजारच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फोडायला लावते. चोरून पाट फोडावा, तसं. तो पाट बुजवता आला तर?

हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं द्रव्य अंड्यांत आणि उंदरांत हे फाटे रोखताना दिसलंय. हे खरंच आहे. पण व्हॉट्सअॅपवर पुढचं कोणी सांगत नाही. हळदीत कर्क्युमिन असतं शेकडा तीनच्या आसपास, आणि पोटात गेलेलं बहुतेक रक्तात उतरतच नाही. हळदीनं माणसाचा कर्करोग बरा होतो, असं सिद्ध झालेलं नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या छातीत गाठ होती. दुखत नव्हती. चार महिने त्या हळदीचा लेप लावत राहिल्या. तो लेप आम्हीच सांगितला होता. तपासणी झाली तेव्हा गाठ लिंबाएवढी होती.

मग झाडपाल्यात काहीच नाही का? आहे की! दारातल्या सदाफुलीपासून विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही कर्करोगाची औषधं निघाली. विनब्लास्टिन तर अगदी थोड्या मात्रेतही अंड्यातल्या शिरांची वाढ रोखतं. पण डॉक्टर ते मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात, रक्त तपासत तपासत. सदाफुलीचा पाला वाटून प्यायला, तर ते विष आहे.

आणखी एक. नवे फाटे गाठीलाच लागतात असं नाही. जखम भरायला लागतात, पोटातल्या बाळाची वार वाढायला लागतात. म्हणून गरोदर बाईनं कर्क्युमिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. भाजीतली हळद खुशाल चालू द्या.

छातीत, काखेत गाठ हाताला लागली, तर त्याच आठवड्यात आशाताईंना सांगा. लेप नको. आमच्या ताईंची पुढची केमोथेरपी मंगळवारी आहे. सोबत कोण जाणार, ते आज संध्याकाळच्या बैठकीत ठरवायचंय.