गिरणीची जमीन आणि वस्तीचा नकाशा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणी कामगार. शाळा अर्धवट सुटली. खरं वाचन शिकलो ते युनियनच्या हँडबिलांवर. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमची वडीलधारी माणसं तेव्हा म्हणायची, ‘डॉक्टर बघून घेतील.’ डॉक्टर म्हणजे दत्ता सामंत. एका माणसावर केवढा हा भार!

पुढे १९९१ साली नियम झाला. गिरणीची जमीन विकासाला काढली तर ढोबळमानाने तीन वाटे: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, जुन्या बांधकामाखालची वगळली. आता गिरणीत मोकळी जागा असते किती? सगळीकडे शेडच! आमचे मोर्चे चालूच होते, पण ती ओळ आमच्यातल्या कितीजणांनी वाचली? प्रकरण कोर्टात गेलं; २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. २०१२ च्या सोडतीत गिरणी कामगारांना घरं मिळाली ती २२५ चौरस फुटांची, आणि रांगेतले बहुतेक रांगेतच राहिले.

२०१५ साली मात्र वेगळं घडलं. महापालिकेने शहराचा नवा विकास आराखडा जाहीर केला. लोकांनी आपापल्या वॉर्डाचे नकाशे पसरून चुका शोधल्या, हजारो हरकती दिल्या. दोन-तीन महिन्यांत सरकारला तो आराखडा फेरतयारीला पाठवावा लागला. तिथे कुणी एक पुढारी नव्हता. पेन्सिल घेऊन बसलेली माणसं होती.

हे सगळं ठाऊक असूनही आम्ही काय केलं? गेल्या वर्षी आपल्या चाळीच्या पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर न वाचता सही केली. म्हटलं, कमिटीने बघितलं असेल. महिला मंडळातल्या एका ताईंनी विचारलं, ‘दादा, नकाशात विहार कुठंय?’ उलगडून बघतो तर मागे, पंपरूमला चिकटून! मान खाली गेली आमची.

तेव्हापासून दर रविवारी वंदनेनंतर सतरंजीवर नकाशा पसरतो. इंजिनिअरिंगची मुलगी मापं वाचते, म्हाताऱ्या बायका विचारतात, ‘लिफ्ट बंद पडली तर? मेन्टेनन्स कोण भरणार?’ बिल्डरच्या माणसाकडे याची उत्तरं नव्हती. विहार पुढच्या बाजूला घेण्याचं त्याने तोंडी कबूल केलंय. तोंडी!

दुरुस्त नकाशा शनिवारी येतोय. रविवारी सगळ्यांनी या, आणि चष्मा विसरू नका.

जयभीम!