बंदरातलं पहिलं वल्हं

मालवणच्या धक्क्यावर सुट्टीच्या दिवसांत सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांची रांग लागलेली असते. अलीकडे त्याच पाण्यात पिवळ्या, केशरी रंगाच्या बुटक्या नावाही दिसू लागल्या आहेत. एक माणूस, फार तर दोन, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. ही कायाक. ‘पोहता जेमतेम येतं, वय चाळिशीपुढे, मला जमेल का?’ असं बरेच जण विचारतात. जमेल. मात्र त्यासाठी दंडातल्या बळापेक्षा दिवस आणि वेळ नीट निवडणं जास्त गरजेचं आहे, आणि आज मी मुख्यतः त्याबद्दलच बोलणार आहे.

आधी नावेविषयी. कायाक मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट शिकाऱ्यांची. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करायचा, त्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचं आणि कमरेपर्यंत आत बसून शिकार करायची. आपल्या किनाऱ्यावर नवशिक्यांना मिळते ती निराळी. ती जाड प्लॅस्टिकची, आतून पोकळ आणि सगळीकडून बंद असते, आणि आपण तिच्या आत न बसता वर बसतो. बसायच्या खळग्यात आरपार भोकं असतात. ती पाहून पहिल्यांदा पोटात गोळा येतो, पण आत आलेलं पाणी त्यांतूनच निघून जातं. आपल्या मच्छीमारांच्या लहान होडीला तोल सांभाळायला बाजूला उलांडी असते. कायाकला उलांडी नाही, तिची सगळी भिस्त रुंद बुडावर. म्हणून तिच्यात उभं राहायचं नाही आणि सेल्फीसाठी शेजारच्या नावेकडे झुकायचं तर मुळीच नाही.

आता जागा. मालवणचं बंदर नवशिक्याला का मानवतं? शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. तो किल्ला आणि त्याच्या आजूबाजूची खडपं पश्चिमेकडून येणाऱ्या लाटा अंगावर घेतात. त्यामुळे किल्ला आणि किनारा यांच्या मधलं पाणी बरंच शांत राहतं. दांडीच्या किनाऱ्यासमोर पद्मगड आहे. तिथलं पाणी इतकं उथळ की चांगल्या ओहोटीला माणसं चालत जातात. पहिले धडे अशा पाण्यात गिरवावेत. किल्ल्याला वळसा घालून मागे जायचा मोह मात्र आवरायचा. तटाच्या पश्चिमेला मोकळा समुद्र आहे, आणि तिथली लाट खडकावर आपटून परत फिरते तेव्हा पाणी कुठूनही कसंही उसळतं. शिवाय १९८७ पासून हा परिसर सागरी अभयारण्य आहे. खाली प्रवाळ आहेत, त्यांवर पाय देऊन उभं राहू नये. त्यात आपल्याही पायाचा फायदाच आहे, कारण खडपाला चिकटलेल्या कालवांची धार पात्यासारखी लागते. पायात पट्ट्याच्या चपला हव्यातच.

आणि आता वेळ. किनाऱ्यावरची जुनी माणसं घड्याळाआधी तिथी बघतात. हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. मग साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हा ढोबळ आडाखा आहे, तासाभराचा फरक पडू शकतो, पण बेत ठरवायला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, पाणी जास्त चढतं आणि तितक्याच ओढीने उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा ओढ कमी. नवशिक्याने सकाळी पाणी चढत असताना निघावं, म्हणजे दमल्यावर समुद्रच थोडं किनाऱ्याकडे लोटतो. हिशेब करा: एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. म्हणजे या दोन दिवशी सकाळी सात ते सव्वाआठ ही वेळ अगदी सोयीची. एकादशी म्हटलं की कुणाचा उपास असेल. खुशाल करा, पण वल्हं मारायला रिकाम्या पोटी जाऊ नका; साबुदाण्याची खिचडी आहेच.

भरतीनंतर वारा. रात्री जमीन लवकर गार होते, म्हणून पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो इतका हलका असतो की अंगाला जाणवतही नाही, पण प्लॅस्टिकची हलकी नाव त्याला जाणवते. पाणी आरशासारखं गुळगुळीत असतं, आपण गप्पा मारत असतो आणि नाव हळूहळू बाहेर सरकत असते. म्हणून निघाल्यावर पाचेक मिनिटांत वल्हं मांडीवर आडवं ठेवा, समोर नव्हे तर बाजूला, किनाऱ्याच्या कडेने दिसणारा एखादा माड आणि त्यामागचं घर एका रेषेत धरा आणि मिनिटभर नुसतं बघा. रेष कुठल्या बाजूला मोडते त्यावरून आपण कुठे चाललो ते कळतं. दहा-अकरा वाजता जमीन तापते आणि खारा वारा समुद्राकडून सुरू होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी तो वायव्येकडून चांगलाच जोर धरतो, पाण्यावर पांढऱ्या शेंड्या दिसू लागतात. धक्क्यावरचा एखादा नावाडी ओरडतो, ‘वारो फिरलो, आता परत येवा!’ तेव्हा ‘अजून दहा मिनिटं’ म्हणू नये.

वल्हवण्याची रीत थोडक्यात सांगतो. वल्हं डोक्यावर आडवं धरून कोपर काटकोनात आले की हातांतलं अंतर बरोबर. पात्याची पोकळ बाजू आपल्याकडे. पातं पावलांजवळ पाण्यात घालायचं आणि कमरेपाशी बाहेर काढायचं. त्याहून मागे ओढलं तर नाव पुढे जाण्याऐवजी वळते. ओढ पाठीतून आली पाहिजे: उजवीकडे पातं घालताना उजवा खांदा पुढे, मग कमरेतून पीळ सोडायचा. नुसत्या दंडांनी ओढणाऱ्याचे हात पंधरा मिनिटांत भरून येतात. नजर पात्यावर नको, लांबच्या एखाद्या खुणेवर हवी. नाहीतर नाव नागमोडी जाते. वळायचं असेल तर पातं लांबवर अर्धगोल फिरवायचं. पर्यटकांच्या यांत्रिक होडीची लाट आली तर तिला नावेचं पुढचं टोक, म्हणजे नाळ, दाखवायची. कूस दिली की उलटलात.

आणि उलटणं ही काही आपत्ती नाही. उलट, पहिल्याच दिवशी कमरेइतक्या पाण्यात मुद्दाम उलटून घ्यावं. वल्हं सोडायचं नाही. नाव पालथी असेल तर पलीकडची कड धरून सुलटी करायची. मग मधोमध बाजूने, पाय मागे पाण्यावर झाडत, छातीने वर सरकायचं आणि पोटावर आडवं पडायचं. तिथे थांबून एक श्वास घ्यायचा. नंतर कुशीवर वळून बूड खळग्यात, पाय सगळ्यात शेवटी. गुडघ्यावर चढायची घाई करणारा पलीकडे पडतो, हे ठरलेलं. हे दोनदा जमलं की मनातली निम्मी भीती जाते. लाईफ जॅकेटचे सगळे बंद आवळलेले हवेत. कुणाला तरी खांद्यांवरून ते वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत आलं तर ते सैल आहे. फोटोपुरतं गळ्यात अडकवलेलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

बंदर ही मच्छीमारांची कामाची जागा आहे, एवढंही ध्यानात असू द्या. नांगरलेल्या होड्यांच्या दोरांमधून नाव घालू नये. किनाऱ्यावर रापण, म्हणजे लांबलचक जाळं, ओढत असतील तर तिच्या घेरापासून लांबून जावं. पाण्यावर तरंगणारी भेंडं दिसली की खाली जाळं आहे असं समजायचं. किल्ल्याच्या होड्यांची वाट ओलांडायचीच असेल तर सरळ काटकोनात आणि सगळ्यांनी एकत्र.

मेच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत हे सगळं बंद असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम काळ. फोनवर चौकशी करताना पैशांच्या आधी दोन गोष्टी विचारा: सोबत सुटकेसाठी यांत्रिक होडी असते का, आणि सकाळची शेवटची फेरी किती वाजता निघते. समोरचा ‘तुम्ही कधीपण येवा, दुपारी दोनला आलात तरी चालेल’ म्हणाला, तर आभार मानून दुसरीकडे फोन लावा.