हरणारा संघ मोडावा काय?



आमच्या धाराशिव जिल्ह्यात खेळाविषयी बोलायचे म्हटले की गोष्ट खो-खोपासून सुरू होते. याच जिल्ह्यातील सारिका काळे हिने भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. आज मात्र मी बोलणार आहे हॉकीविषयी. नळदुर्गात हॉकी कुठली, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हा खेळ कृत्रिम हिरवळीवर गेला, आणि आपल्या काळ्या रानात ती हिरवळ कोठून यायची? पण हॉकीतला एक प्रश्न गेले वर्षभर माझ्या डोक्यात घोळतो आहे, आणि तो खेड्यातल्या शाळेलाही तितकाच लागू आहे. संघ सारखा हरू लागला, तर तो मोडून नव्याने बांधावा काय?

मुंबईच्या संघाची हकीकत सांगतो. २०१३ साली 'हॉकी इंडिया लीग' ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. खेळाडूंचा लिलाव व्हायचा, बैलबाजारात व्हावा तसा. फरक एवढाच, की येथे बोली डॉलरमध्ये. 'मुंबई मॅजिशियन्स' नावाच्या संघाने चांगली माणसे घेतली होती. पेनल्टी कॉर्नरवर हुकमी गोल करणारा संदीप सिंग होता. गोल राखायला श्रीजेश होता. पुढे ज्याने देशाला दोन ऑलिंपिक कांस्यपदके मिळवून देण्यात मोठा हात लावला, तोच हा श्रीजेश. मार्गदर्शक होते ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ, म्हणजे या खेळातले मोठे गुरुजी. आणि संघ आला शेवटचा! मोसम सुरू होताहोताच स्पर्धेतील पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवावे लागले; मुंबईच्या संघातही असे खेळाडू होते, त्यामुळे घडी विस्कटली हे मान्य. पण पुढल्या वर्षी, २०१४ सालीही, संघ तळालाच राहिला.

आता विचार करा. श्रीजेशला गोल राखता येत नव्हता काय? संदीप सिंगला चेंडू मारता येत नव्हता काय? माणसे तर चांगली होती. मग बिघडले कुठे?

याचे उत्तर मला पेनल्टी कॉर्नरमध्ये सापडते. तेथे एकजण रेषेवरून चेंडू ढकलतो, दुसरा तो अडवतो, तिसरा मारतो. सारा मामला डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आटोपतो. तिघांनी एकमेकांकडे पाहायलाही सवड नसते. आपल्या खो-खोत बसलेल्या गड्याला पाठीवर थाप पडण्याआधीच कळते ना, की आता खो माझ्याकडे येणार? तसेच हे. ही समज लिलावात विकत मिळत नाही. ती एकत्र घाम गाळूनच येते. म्हणून एका मोसमाच्या निकालावर सगळेच बदलले, तर दोषाबरोबर ही समजही जाते आणि पुढल्या वर्षी पहिल्यापासून पाढे.

२०१५ साली मुंबईच्या संघाचे मालक बदलले आणि नावही 'दबंग मुंबई' झाले. नाव बदलून गोल होत नाहीत, हे सांगायला नकोच. परंतु त्या वर्षीच्या लिलावात त्यांनी एक शहाणपणाचे काम केले. हरमनप्रीत सिंग नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराला ५१,००० डॉलर देऊन घेतले. त्या वेळच्या भावाने सुमारे ३४ लाख रुपये. मोठ्या नावांपुढे हे पोरगे काय करणार, असे वाटणारे असतीलच. जर्मनीचा फ्लोरियन फुक्स याच्यासारख्या मुरलेल्या गड्याच्या सोबतीने ते खेळू लागले. २०१७ साली हाच संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. चंदीगडला कलिंग लान्सर्सकडून ४-१ असा हरला, पण तळातून तेथवर आला हे विसरू नये. दैव असे, की त्यानंतर स्पर्धाच बंद पडली. २०२४ च्या डिसेंबरात ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. हरमनप्रीत मात्र २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताचा कर्णधार होता.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या खडकीच्या धनराज पिल्लै यांचे. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी सुवर्णपदक जिंकले. आणि लगेच त्यांच्यासह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना वगळण्यात आले! संघ हरलेला नव्हता, जिंकलेला होता. पुढे धनराजना परत घ्यावे लागले. पण २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये आपण सातवे आलो. त्याला अनेक कारणे असतील. तरी जिंकून आलेल्या माणसांना घरी बसवल्यावर उरलेल्यांच्या मनात काय येत असेल, हे निवड करणाऱ्यांनी पाहायला हवे होते, असे मला वाटते.

संघ बांधू नये असे माझे म्हणणे नाही. पाय थकले की माणूस बदलावाच लागतो. मैदान कुणाच्या पूर्वपुण्याईवर चालत नाही. पण मधला कणा ठेवावा, दरसाल दोन-तीन नवी पोरे त्याच्याभोवती घालावीत आणि तीन वर्षे तरी धीर धरावा. आणि ज्याला काढायचे त्याला तोंडावर सांगावे. ही शेवटची गोष्ट मी स्वतः पाळली नाही, म्हणून आज हा विषय घेतला.

मी महाविद्यालयात शिकवितो, आणि खो-खोचा संघही माझ्याकडे असतो. गेल्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. लोक म्हणाले, जुनी खोडे काढा. मीही रागात होतो. चार मुलांची नावे गाळली आणि यादी फळ्यावर लावून मोकळा झालो. त्यांतला एक पहाटेच्या एस. टी.ने सरावाला यायचा, उपाशीपोटी. यादी वाचून तो माझ्या खोलीच्या दाराशी आला. "सर, माझं काय चुकलं?" एवढेच त्याने विचारले. मला तास होता. "नंतर बोलू," असे मी म्हणालो. तो नंतर आलाच नाही. सरावालाही नाही आणि वर्गातही नाही. नवा संघ काही जिंकला नाही. उलट, पळती करणाऱ्यांना सावरून घेणारा कुणी उरला नव्हता.

शाळेतल्या गुरुजींना हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण त्यांच्याकडे तर मुले याहून कोवळी असतात.

मागल्या आठवड्यात मी त्याच्या गावी जाऊन आलो. तो रानात होता. त्याच्या वडिलांनी चहा पाजला, मुलाबद्दल चकार शब्द काढला नाही. तो आला तेव्हा मी म्हणालो, की चूक माझी झाली, परीक्षेचा अर्ज भरायला अजून मुदत आहे, आणि यंदा नवी मुले बरीच आहेत, त्यांना शिकवायला तू हवास. त्याने बराच वेळ ऐकून घेतले. मग सोयाबीनची काढणी झाली की बघतो, म्हणाला. सराव सोमवारपासून आहे. मी त्याचे नाव यादीत लिहिले आहे.