मांसाला पर्याय आणि आपले सोयाबीन
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



शहरांत मांस, अंडी आणि दूधही वर्ज्य करणारे ग्राहक वाढत आहेत. अशा 'व्हीगन' अन्नासाठी २०२२ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने स्वतंत्र नियमही केले. मांसाऐवजी खाल्ले जाणारे बरेच पदार्थ सोयाबीनचे असतात. कारण त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आहेत. तेल काढलेल्या पिठापासून सोया वडी होते. दाण्याच्या दुधापासून टोफू होतो.

आपला माल मात्र तेल आणि पेंडीच्या हिशेबाने विकला जातो. खाण्यासाठी माल घेणारा दाणा पाहतो. म्हणून एकाच वाणाचा माल वेगळा ठेवावा. पावसात भिजलेला, बुरशी आलेला ढीग त्यात मिसळू नये. मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवावेत, म्हणजे दाणा फुटत नाही. ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आणून, चाळणी करूनच पोती भरावीत.

घरगुती प्रक्रियेत एक पथ्य पाळावे. कच्च्या दाण्यात प्रथिने पचू न देणारा घटक असतो. तो उष्णतेने निकामी होतो. म्हणून दूध निदान १५ मिनिटे उकळावे. हा घटक वगळलेला एनआरसी १२७ हा वाण इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने काढला आहे. पेरणीपूर्वी आपल्या विभागाची शिफारस पाहावी.

टोफू नाशवंत आहे. तेव्हा कर्ज काढून यंत्र घेण्याआधी गिऱ्हाईक पक्के करावे. गटाने स्वच्छ दाणा विकणे, ही पहिली पायरी.