पाण्याचा हक्क आणि जमिनीचा कागद



१८६६ साली पालकवाडीच्या जागी आपले वर्धा शहर वसले. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत आगगाडी पोचली. गाडीचे तिकीट सर्वांना मिळे, विहिरीवर मात्र जात विचारली जाई.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. विरोधक कोर्टात गेले आणि म्हणाले, तळे आमच्या मालकीचे! १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला : तळे नगरपालिकेचे आहे, बंदीची रूढी अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध झालेले नाही.

म्हणजे पाण्याचा लढा अखेर जमिनीच्या मालकीपाशी आला. म्हणून विद्यार्थ्यांनो, आपल्या वस्तीची विहीर आणि तिच्याकडे जाणारी वाट कोणाच्या नावे आहे? सातबारा, आखीव पत्रिका काढा, वाचा, वडीलधाऱ्यांना समजावून सांगा.

जयभीम!