रस्त्यावर पडलेला मनुष्य कोणाचा?

आमचे केडगाव नगर-पुणे रस्त्यावरचे. मोटारीखाली सापडलेल्या वाटसरूभोवती माणसे जमतात, हळहळतात, आणि पोलिसांचे लचांड नको म्हणून काढता पाय घेतात. ही भीती पूर्वी अगदीच खोटी नव्हती. परंतु २०१९ साली मोटार कायद्यात कलम १३४-अ आले. सद्हेतूने मदत करताना जखमीचे काही बरेवाईट झाले तरी मदत करणारावर खटला नाही. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. मग अडते कोठे? "तो आपला कोण?" येथेच ना! १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी पोर सावित्रीबाई फुल्यांनी पाठीवर घालून यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचविले. १० मार्चला त्याच रोगाने त्या गेल्या. एवढे तुमच्याआमच्याकडे कोण मागतो? १०८ ला फोन करावा व गाडी येईतो त्याच्याजवळ बसावे.